पाटगोट्यावरची भोकं

५ नोव्हेंबर

पोचले एकदाची! तिरोड्याला गाडीतून उतरले तर कंपनीची बोलेरो आधीच येऊन उभी. तिथून गारटोल्यापर्यंत दोन्ही बाजूंना धान कापणीला आलेला, काही बांध्यांमध्ये कापून भारे बांधलेले. ड्रायव्हरला मी चार वेळा गाडी थांबवायला लावली. चारही वेळा रस्त्याकडेचा दगड उचलून बघायला. पाचव्यांदा त्यानं न विचारताच ब्रेक मारला.

मी साताऱ्याची. काळ्या कातळावर वाढले, काळ्या कातळावर भूशास्त्र शिकले आणि नंतर चार वर्षं बोगद्यांच्या कामांवर तोच काळा कातळ मोजत राहिले. इथं मात्र दगडच वेगळा. सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वीचा शिस्ट, पानापानांचा, अभ्रकानं भरलेला. गावामागं त्याचा एक उघडा सलग उंचवटा आहे, बसलेल्या म्हशीच्या पाठीसारखा. गावातले त्याला पाटगोटा म्हणतात. संध्याकाळचं ऊन पडलं आणि तो सगळाच्या सगळा चमकायला लागला. मी जाऊन त्याला हातानं थोपटलं. बघणारे हसले, हसू देत.

खोली शांतीबाईंकडे मिळाली आहे. त्यांचे यजमान ईश्वरदास. गावची बोडी, म्हणजे तळं, यांच्याच पूर्वजांनी बांधली. शांतीबाई तोडून बोलतात, पण ताटात भात मात्र नको नको म्हणेपर्यंत वाढतात. लाखोरीची डाळ झकास होती.

८ नोव्हेंबर

काम सुरू. पाटगोट्यावर रिग, म्हणजे भोक पाडायचं यंत्र, उभी आहे. पोकळ दांड्याला हिऱ्याचे दात लावलेलं ड्रिल खडकात उतरवायचं आणि आत अडकलेला गोल लांब दगड बाहेर काढायचा. त्याला कोर म्हणतात. तो लाकडी पेट्यांत क्रमानं मांडायचा आणि वितीवितीला काय दिसतं ते मी लिहायचं. कंपनीला खाली कुठला धातू आहे का ते बघायचं आहे. तीन भोकं माझ्या आधीच झाली होती, चौथं चालू आहे.

रिगवर बुधराम म्हणून एक गोंड माणूस आहे, इथूनच जवळच्या टोल्यातला, म्हणजे वाडीतला. कोर पेटीत ठेवताना तो लहान लेकराला पाळण्यात ठेवावं तसा ठेवतो. खांद्यावर निळ्या चौकड्यांचा गमछा, हातात चांदीचं कडं. आज त्यानं मला विचारलं, या गोट्यात मासोळीचे, शिंपल्याचे छाप सापडतात का. म्हटलं, नाही सापडणार. हा खडक झाला तेव्हा पृथ्वीवर हाड असलेला एकही जीव नव्हता. त्याला हे फार आवडलं. जेवताना त्यानं ते इतरांना गोंडीत सांगितलं.

साइट मॅनेजर दुर्गेश साहेब. गोंदियाचेच, बोलणं सगळं हिंदीत. स्वभाव गोड, डोळे घाईत. मी कोरवर हात फिरवत बसले की घड्याळ बघतात.

१४ नोव्हेंबर

आज डोकं फिरलं.

शांतीबाईंची बकरी दोन दिवसांपासून दिसत नव्हती. आज तिच्या खुरांचे ठसे सापडले, पाटगोट्यावर. मातीत नव्हे, शिस्टमध्ये. नखाएवढे खोल, मग बोटाएवढे, मग मुठीएवढे. उंचवट्याच्या मध्यावर ते संपतात. पुढं काही नाही, सपाट दगड.

मला वाटलं, नव्या मॅडमची गंमत करायला कुणीतरी छिन्नीनं कोरलं. सगळ्यांवर आवाज चढवला. मग गुडघे टेकून भिंग लावलं. छिन्नीचा एक घाव नाही. कडेला दगड वर फुगून आलेला, चिखलात पाय पडल्यावर येतो तसा. अभ्रकाची पानं मोडलेली नाहीत, वाकलेली आहेत. असा खडक वाकायला डोंगराखालची उष्णता लागते आणि लाखो वर्षं लागतात. बकरी परवाची.

बुधरामनं सांगितलं की ड्रिल थांबलं की थोडा वेळ गोटा पायाखाली दबतो. पावसाळ्यात कन्हारीच्या, म्हणजे काळ्या मातीच्या रानातून चालावं तसा. दुर्गेश साहेबांना त्यानं महिन्यापूर्वीच सांगितलं होतं. साहेब हसले होते.

शांतीबाईंना विचारलं, या पाटगोट्याची जुनी काही गोष्ट आहे का? त्या माझ्यावरच भडकल्या.

“गोष्ट-बिष्ट काही नाई बाई. माह्या लग्नापासून तिथं धान वारवलं आमी, लेकरं खेरली. गोटा होता, गोटाच होता. तुमी भोकं पाडून राहिले तवापासून हे होऊन राहिलं. आन् वरून आमालेच विचारता?”



१७ नोव्हेंबर

बुधराम नाही.

दुपारी बिट, म्हणजे ड्रिलचं दातांचं टोक, बदलायला ड्रिल थांबवलं. बाकीचे झाडाखाली डबे सोडून बसले. तो पाइप आणायला एकटा पाटगोट्यावर गेला. परत आला नाही. त्याची चप्पल चौथ्या भोकापासून थोड्या अंतरावर आहे. एकच दिसते. दुसरीचा फक्त अंगठा दगडाच्या वर आहे.

मी तो अंगठा ओढून पाहिला. निघाला नाही. मी अंगठा, अंगठा लिहितेय, म्हणजे चपलेचा. चपलेचाच.

दुर्गेश साहेबांनी पुढ्यात उभं राहून सांगितलं की हे लोक असेच, ॲडव्हान्स घेऊन हैदराबादला पळतात. माझ्यासमोर त्यांनी एका पोऱ्याला ग्राइंडर आणायला सांगितला आणि ते टोक खडकासरशी घासून टाकलं. मी हात धरला तर झटकला.

त्याची बायको चमेली आली. रडली नाही. साहेबांसमोर उभी राहून बोलली, “माहा मानूस अनवानी हैदराबादले काऊन जाइन? सांग ना. काऊन जाइन?”

साहेब फोन कानाला लावून बाजूला गेले. फोन वाजलाच नव्हता.

१९ नोव्हेंबर

चप्पल होती तिथंच पाचवं भोक घ्या, असं मी म्हटलं. कुणी ऐकेना, तेव्हा मीच रिगच्या लोकांना हात जोडले. वाटत होतं, खाली पोकळी असेल, हवा असेल, माणूस जिवंत असेल.

पोकळी नाही. सलग खडक. कोर बाहेर आला, पाणी मारून मी तो धुतला.

शिस्टच्या दोन पानांमध्ये निळा दोरा आहे. दोरा नव्हे, वीण. चौकडी. तिच्या भोवतीनं अभ्रक असा वळलाय की जणू दोनशे कोटी वर्षं ती तिथंच होती. त्याच्या खाली चांदीचं अर्धं वळं, ड्रिलनं कापलेलं, चकचकीत. आणि त्या वळ्याच्या आत जे पांढरं गोल आहे ते मला ओळखता येतं. ते ओलं आहे.

मी माझ्या नोंदीत काय लिहू? रंग? पोत? काठिण्य?

२० नोव्हेंबर

त्या दुर्गेशच्या ऑफिसात जाऊन मी टेबलावर कोर ठेवला. विचारलं, हे काय आहे ते मला सांगा.

मी ओरडेन, तो घाबरेल, असं वाटलं होतं. त्यानं चष्मा लावून नीट पाहिला. मग चष्मा पुसला आणि म्हणाला, “मॅडमजी, पिछली साइट पे भी हुआ था.”

हुआ था!

मग शांतपणे सांगितलं. पहिल्या तीन भोकांच्या वेळी एक कुत्रं गेलं, दोन बैल गेले. आधीच्या साइटवर एक माणूस. वर कळवलं होतं. वरून उत्तर आलं की काम चालू ठेवा. जेवढा दगड आपण काढतो तेवढं तो भरून घेतो, बस, इतकंच. विमा आहे. धातूचं प्रमाण चांगलं आहे.

मला खडकाची भीती वाटत नाही. खडकाला तोंड नाही, घर नाही, लेकरं नाहीत. याला आहेत. टेबलावर याच्या मुलीचा फोटो आहे. मी तो फोटो उचलून त्याच्या तोंडासमोर धरला. तो म्हणाला, प्लीज, इसको मत छुइए.

नागपूरला, माझ्या वरिष्ठांना फोन केला. त्यांनी मला चार दिवस सुट्टी घ्यायला सांगितलं.

२१ नोव्हेंबर

चमेलीला दाखवलं. दाखवायला नको होतं असं शांतीबाई म्हणाल्या, पण त्याच तिला हाताला धरून घेऊन आल्या. कडं तिनं लगेच ओळखलं. तिच्या बापानं लग्नात दिलेलं.

ती फक्त एकच मागते. कोर द्या. मातीत ठेवते, आमच्या रीतीनं. पाटगोट्यात नाही, मातीत.

साहेब म्हणतो, कोर कंपनीची मालमत्ता आहे. उद्या ट्रकनं नागपूरला जाणार. लॅबमध्ये दळून पूड करणार. दळून!

२२ नोव्हेंबर

नाही जाऊ दिला. सकाळी ईश्वरदासांनी बैलगाडी कोरच्या शेडला लावली, मी कुलूप फोडलं, चमेलीनं आणि मी पेटी उचलली. वॉचमन बघत उभा होता. त्यानं तोंड फिरवलं आणि विडी पेटवली.

टोल्याच्या मागं, मोहाच्या झाडाखाली लाल माती खणली. चमेलीनं कोरचे तुकडे एकेक करून मांडले. तिला क्रम सांगावा लागला नाही. वरचा वर, खालचा खाली. बायकांनी मूठमूठ माती टाकली. मला वाटलं, मला हक्क नाही. चमेलीनं माझ्या हातात माती दिली.

तिथून येताना लांबून पाटगोटा दिसला. चमकत होता. एवढा राग मला आयुष्यात आला नव्हता.

२४ नोव्हेंबर

गावातला एकही माणूस रिगवर जात नाही. साहेबानं बाहेरून माणसं आणली. त्यांना काही सांगितलेलं नाही. मी सांगायला गेले तर मला साइटवरून काढल्याचा कागद दाखवला. ड्रिलर अगदी कोवळा आहे, त्याचं नाव हिमांशु. मॅडम, आप आराम कीजिए, म्हणाला.

सहावं भोक सुरू.

शांतीबाईंच्या अंगणातून दगड वाजताना ऐकू येतो. दातांवर दात घासावेत तसा. आता मध्येच थांबतो. थांबला की मी दारापर्यंत धावते—

बकरी, कुत्रं, बैल, बुधराम. काढलेला दगड मात्र किती तरी जास्त आहे. म्हणजे अजून—

उद्या रिग बंद पाडणार. डिझेल ओतून देईन. पकडू देत.

२५ नोव्हेंबर, दुपार

उभ्यानंच लिहितेय. पाय उचलता येत नाही.

ड्रिल थांबलं. हिमांशु रिगजवळ उभा होता, खाली वाकून काहीतरी बघत. मी कडेवरून पाहिलं, त्याचे बूट दिसत नव्हते. साहेबाला दिसत होतं. तो जवळ होता. तो मागं सरकला. एकेक पाऊल, हळू, आवाज न करता—

मी धावले. हिमांशुला काखेत धरून ओढलं, बूट तिथंच राहिले, तो कडेला जाऊन पडला. वाचला. आता बांधावर बसून रडतोय. बोलेरो गेली. साहेबाची.

माझा डावा पाय.

थंड नाही. लिहून ठेवते, हे कुणीच लिहिलेलं नाही. कोमट आहे. दुखत नाही. सगळीकडून सारखा दाब. घोट्याच्या वर.

चमेली आली. शांतीबाई, गावातली माणसं. सगळ्यांना मातीतच उभं राहायला सांगितलं. चमेली ऐकत नव्हती, तिला दोघांनी धरलंय. ती शिव्या देतेय. कुणाला ते नाही कळत, सगळ्यांनाच. बरं वाटतं ऐकून.

दोर टाकला. कमरेला बांधला. ओढला—

ओढू नका म्हटलं. ओढलं की तो पण ओढतो.

आता उजवाही. दोन्ही गुडघे.

कुदळ मारली कुणीतरी कडेला. टणटणीत दगड. तिथं दगड, इथं—

शांतीबाई बोलून राहिल्यात, मी ऐकतेय, त्यांना वाटतं मी ऐकत नाही. चेतना, लेकी, वर पाय, वर पाय म्हणतात, म्हणजे वर बघ. आतापर्यंत बाई म्हणायच्या.

कंबर. लिहायला वही वर धरावी लागते.

ही वही आता चमेलीकडे फेकते. चमेली, ती पेपरवाल्यांना दे. नुसती गोंदियाला नको, कलेक्टरला दे, नागपूरला, मुंबईला, कुणालाही, दहा ठिकाणी. साहेबाचं नाव दुर्गेश. त्यानं पाहिलं आणि मागं सरकला हे लिही. हिमांशुला साक्षीला ठेव.

आणि मला काढायला येऊ नका. आई म्हणेल, काढा. दादा म्हणेल. मशीन घेऊन येतील, चांगली माणसं येतील. काढलं तर तो परत भरून घेईल. मोहाखाली फक्त माती टाका, माझ्या नावाची. भोक पाडू नका. कुणी कितीही रडलं तरी इथं पुन्हा भोक पा