जुन्या नियमांचा रविवार

९ मार्च, रविवार

भाऊजींनी आज नवं पुस्तक आणलं. आणलं म्हणजे — चहाचे कप बाजूला सारून टेबलाच्या मधोमध ठेवलं, पाहुण्याला बसवावं तसं. जाडजूड. गुळगुळीत कागद. म्हणाले, वहिनी, ही आपल्या खेळाची नव्या नियमांची आवृत्ती. नवी तरी कसली, निघून बरीच वर्षं झाली. सगळीकडे आता हीच खेळतात. आपणही बदलू या का?

मी म्हटलं, बघू.

माझं "बघू" म्हणजे नाही, हे या टेबलावर सगळ्यांना ठाऊक आहे. लांबू खिडकीबाहेर बघायला लागला. नर्सबाई फासे हातात खुळखुळवत बसली. मग खेळलो, पण पाणचट. दार उघडायचा मंत्र भाऊजींनी राक्षसावर टाकला! एरवी महिनाभर चिडवलं असतं त्यांना. आज कुणी हसलंसुद्धा नाही.

पुस्तक इथेच ठेवून गेलेत. मुद्दाम.

१० मार्च, सोमवार

उघडलं नाही. त्याच्यावर इस्त्रीचे कपडे ठेवले.

११ मार्च, मंगळवार

शेजारणीने पुन्हा विचारलं, दर रविवारी एवढी माणसं जमवून करता काय हो? पत्ते, म्हटलं. नेहमीचं उत्तर. काय सांगणार — की आम्ही चार वाढलेली माणसं टेबलाभोवती बसून दुसरीच कुणी होतो? लांबू बस चालवतो, दारातून वाकून आत येतो, आणि डावात तो बुटका चोर. नर्सबाई आठवडाभर टाके घालते आणि रविवारी तलवारीने उसवते. भाऊजी दिवसभर दुकानात डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त करतात, इथे जादूगार. आणि मी सूत्रधार. गुहेत काय आहे, दारामागे कोण उभं आहे, ते मी सांगायचं. आपण काय करतो ते त्यांनी सांगायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवणार. शेजारीण म्हणेल, ताईंच्या डोक्यावर परिणाम झाला. त्यापेक्षा पत्ते बरे.

आधी सूत्रधार हे होते. मी त्यांच्या डाव्या हाताला बसायचे, औषधं देणारी वैदू म्हणून. मी सातवीत शाळा सोडलेली. ते नियमांचं पुस्तक हातात घेतलं तेव्हा पहिल्या पानावरच धाप लागली होती. मांडीवर शब्दकोश, हातात पेन्सिल — दोन वर्षं लागली मला. ह्यांनी एकदाही "दे इकडे, मी सांगतो" म्हटलं नाही. आज कुणीही विचारावं — उंचावरून पडलं तर इजा किती, अंधारात नेम किती चुकतो — मी पानासकट सांगेन. हे गेल्यावर त्यांच्या खुर्चीत बसले ती त्याच जोरावर. त्यांनी आखलेला नदीपलीकडचा देश अजून अर्धा तसाच आहे. ज्या नियमांवर त्यांनी तो उभा केला, त्याच नियमांनी पार करायचा. दुसऱ्याचं माप घेऊन शिवलेला सदरा मध्येच उसवत नाहीत.

खरं लिहायचं तर आणखीही आहे. नवं पुस्तक आलं की सूत्रधार भाऊजी होणार, कारण ते त्यांना येतं. मग टेबलही त्यांच्याकडे जाणार. आणि रविवारी ही चार खोल्यांची जागा आणि मी.

१४ मार्च, शुक्रवार

भाऊजींचा फोन. हवापाणी, गुडघे, पाण्याची मोटर. शेवटी गाडी आली रुळावर — वाचलंत का वहिनी? नाही म्हटलं. "नुसतं चाळून तरी बघा. चावत नाही ते." हसत म्हणाले, पण आवाज ताणलेला. मीही ताणला. म्हटलं, रविवारी सगळ्यांचं मत घेऊ. होऊन जाऊ दे.

दिवसभर मनात मोजणी. लांबू माझ्या बाजूने. ह्यांचा शाळेपासूनचा मित्र, तो काय जाणार? नर्सबाईचं सांगता येत नाही.

१६ मार्च, रविवार

जिंकले.

लांबूने पहिला हात वर केला, वहिनी म्हणतील ते. नर्सबाईने केला. आणि मग भाऊजींनीसुद्धा! ज्यांनी पुस्तक आणलं त्यांनीच. माझ्याकडे न बघता.

मी चहा टाकायला आत गेले. एरवी चहा उकळेपर्यंत लांबू आणि भाऊजींची दोन भांडणं होऊन जातात. कप घेऊन आले तर तिघंही दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखे.

बिस्किटं तशीच उरली.

१९ मार्च, बुधवार

पुस्तक अजून इथेच. कपडे काढले आणि वाचलं. फक्त बघायला, की एवढं काय आहे त्यात.

सोपं आहे. याचाच जास्त राग आला. मला जे घासून घासून कळलं ते यांनी दोन ओळींत चौकट करून दिलंय. एक नियम मात्र तसाच्या तसा उतरवते, म्हणजे पुढे भांडायला बरा — तुमची बाजू वरचढ असेल तर दोन फासे टाका आणि मोठा आकडा धरा. आमच्या जुन्यात एकच फासा, आलेल्या आकड्यात दोन मिळवायचे. संपलं. हे म्हणजे नशिबाला दोनदा विचारायचं, आणि गोड बोलेल ते ऐकायचं! लाडावलेल्या पोरांचा नियम.

तरी चार प्रकरणं झाली.

२३ मार्च, रविवार

लिहून काढते.

डाव रंगात होता. बऱ्याच दिवसांनी. नदीवरचा दोरांचा पूल, पुलावर पहारेकरी, आणि नर्सबाईची तलवारवाली वरच्या कड्यावर. मी म्हटलं, तू उंचावर आहेस, बाजू तुझी वरचढ. टाक.

तिने दोन फासे उचलले. टाकले. एकावर सात, दुसऱ्यावर अठरा. सात तिने बोटाने बाजूला सारला — कपाळावरची बट सारावी तसा, न बघता — आणि म्हणाली, अठरा. भाऊजी लगेच म्हणाले, मग लागला वार! लांबूची तर पुढची चाल सुरूसुद्धा झाली.

मग तिघांनीही एकदम माझ्याकडे बघितलं.

"चुकून दोन आले हातात," नर्सबाई म्हणाली. मी म्हटलं, असू दे, एक टाक. तिने एक टाकला. चार आले. दोन मिळवले, सहा. वार हुकला. मी पुढे सांगत राहिले, पूल कसा हलला, पहारेकरी कसा ओरडला. आवाज माझाच होता बहुतेक.

चुकून दोन फासे हातात येतात. पण चुकून लहान आकडा बाजूला सारला जात नाही. ती हाताची सवय आहे. मी बावीस वर्षं शिवण केलंय, हात काय शिकलाय ते मला दिसतं. आणि उरलेल्या दोघांना त्यात काही वावगं वाटलं नाही — निदान पहिल्या क्षणाला नाही.

ही तिघं कुठेतरी नव्या नियमांनी खेळतात. माझ्याशिवाय.

२४ मार्च, सोमवार

म्हणजे हात वर केले ते माझ्या तोंडाकडे बघून.

२५ मार्च, मंगळवार

नर्सबाईच्या दवाखान्यात गेले. रक्तदाब बघ म्हटलं. तिने दंडाला पट्टा गुंडाळला, फुगवायला लागली. मी विचारलं, कुठे खेळता गं?

"ताई, बोलू नका. आकडा चुकतो."

"चुकू दे."

तिने हवा सोडून दिली. पट्टा काढला नाही, नुसता धरून बसली. बुधवारी, म्हणाली. भाऊजींच्या दुकानात, शटर लावून. मी विचारलं, कधीपासून? तर म्हणाली, ते तुम्ही भाऊजींनाच विचारा. मग पुन्हा पट्टा फुगवला. वाढलाय म्हणाली. मीठ कमी करा.

मीठ!

२८ मार्च, शुक्रवार

सगळा आठवडा बोलणी जुळवतेय. असं म्हणेन, तसं म्हणेन. भांडी घासताना सगळं नीट जमतं.

३० मार्च, रविवार

मी टेबल मांडलं नाही. तिघं आली, रिकामं टेबल बघितलं आणि उभीच राहिली.

जुळवलेलं काही आठवलं नाही. सरळ म्हटलं, बुधवारचं मला कळलंय. तुम्ही हवं तसं खेळा, माझी हरकत नाही. पण इथे कीव करायला येत असाल तर येऊ नका. आजारी माणसाला बघायला आल्यासारखे रविवार मला नकोत.

लांबूला लागलं. "वहिनी, कीव कसली? मी ड्युटी बदलून येतो रविवारी." मी म्हटलं, बुधवारीही बदलतोस ना? एवढा मोठा माणूस, कुठे मावावं कळेना त्याला. नर्सबाई रडकुंडीला आली. मी भाऊजींचं पुस्तक त्यांच्या हातात दिलं. वाचून झालंय, म्हटलं.

तिघांचे फासे ज्याच्या त्याच्या हवाली केले.

गेल्यावर टेबल पुसलं. पुसायला काही नव्हतं.

३१ मार्च, सोमवार

नदीपलीकडचा देश आता कुणीच बघणार नाही. मीच बंद केला. ह्यांना काय तोंड दाखवू?

२ एप्रिल, बुधवार

आत्ता भाऊजी आले, दुकानात डावाला जाता जाता. बसा म्हटलं तर बसले नाहीत. दाराशीच म्हणाले, वहिनी, बुधवारचा डाव आम्ही नाही मांडला. दादाने मांडला. नवी आवृत्ती निघाली त्याच महिन्यात. शेवटपर्यंत तोच सूत्रधार होता.

मला का नाही सांगितलं?

"तो म्हणायचा, तिने ते पुस्तक आत्ता कुठे पुरं केलंय. इतक्यात तिला जुनी ठरवायची नाही."

आणि मी त्यांच्यासाठी म्हणून जुनं धरून बसले होते!

हे गेल्यापासून आज पहिल्यांदा ह्यांच्यावर चिडले. जिवंत माणसावर चिडतात तशी, पार शेंडीपर्यंत. भाऊजी खाली थांबलेत. थांबा म्हटलं, चपला घालते.