पाट्यांचे चारशे

मंगळवार, दि. ११ मार्च २०२५
दुपारी १ वाजून ४० मिनिटे
कोलशेत, तुमच्या सोसायटीच्या मागच्या गेटबाहेर, टेम्पोत बसून

ती. कांतामावशी यांना राकेशचा सविनय जय भीम.

तुमची तब्येत बरी असेल. सहदेवदादा, रचनावहिनी आणि छोटी मेघना मजेत असतील. मेघना आता दोन वर्षांची होईल. तिच्या वेळेलाच तुम्ही पहिल्यांदा इकडे राहायला आला होतात, म्हणून माझ्या लक्षात आहे.

मी आता गांडूळखत पोचवतो. पाच-पाच किलोच्या छापील पिशव्या असतात, वास अजिबात येत नाही. आज तुमच्या सोसायटीच्या बागेसाठी साठ पिशव्या आणल्यात. माळी जेवायला गेलाय, तीन वाजता येईल असं वॉचमन म्हणाला. पत्राचं कच्चं काल घरी लिहिलं होतं, ते आता पक्क्या कागदावर उतरवतोय. मागच्या आठवड्यात तुम्हाला दोनदा फोन आला आणि कुणी बोललं नाही, तो मीच होतो. तुम्ही "कोण?" म्हणालात आणि मी फोन ठेवून दिला. लिहिताना निदान खोडता येतं.

वाडीची खुशाली अशी. आईचे गुडघे दुखतात, पण ती भातलावणीला जायचं सोडत नाही. रायत्याच्या पुलापासून आपल्या फाट्यापर्यंतचा रस्ता रुंद झाला. कल्याणहून शेअर रिक्षा आता अंगणवाडीपर्यंत येते. अंगणवाडीला नवीन बाई आहेत, चांगल्या आहेत. भिंतीवर तुम्ही काढलेला मोर त्यांनी पुसला नाही, नुसता रंग परत भरला. चोच लाल केली, ती मात्र चुकली.

कोंबडीखताचे दिवस आठवतात का तुम्हाला? होळी झाली की मी मामाचा टेम्पो घेऊन पोल्ट्रीवरून खत भरायचो आणि चार गावांना वाटत सुटायचो. भेंडीवाले, काकडीवाले सगळे माझी वाट बघायचे आणि त्यांचे शेजारी मला शिव्या द्यायचे. टेम्पो वळणावर दिसला की बायका दोरीवरचे कपडे काढायच्या. एकदा दगडूबाबांच्या नातीची हळद होती, त्याच दिवशी मी त्यांच्या शेजारी खत खाली केलं. पानातल्या भातावर माश्या बसल्या, तरी बाबांनी मला जेवायला बसवलं. तुळसाकाकू तर मला बघितलं की ओट्यावरूनच म्हणायच्या, "आला बघा माश्यांचा नवरदेव, वरात घेऊन." आणि तुम्ही आतून ओरडायच्या, "मग अक्षता टाक की त्याच्यावर!" तुमच्या दोघींच्या घरांमध्ये एक बांध होता, पण बोलायला तुम्ही कधी बांधापर्यंत आला नाहीत. आपापल्या ओट्यावरून बोलायच्या आणि सगळ्या वाडीला ऐकू जायचं.

आणि बांधावर फणस. मी खूप ठिकाणचे फणस खाल्ले, पण तसा नाही. तुमचा आणि काकूंचा मिळून होता. फांद्या कुणाच्या, फळं कुणाची, हे कधी कुणी मोजलं नाही. पहिला फणस बांधावरच कापायचा, कोयत्याला तेल काकूंनी लावायचं, गरे तुम्ही काढायचे, आणि आम्ही पोरं हाताला तेल चोळून रांगेत. आठळ्या एका टोपलीत जमवून पावसात भाजायच्या. अंगणवाडीतून सुटल्यावर मी तिथेच बसायचो. तुम्ही खाली मातीवर काडीनं अक्षर काढायच्या आणि म्हणायच्या, "वेलांटी घाईत देऊ नको रे, नंतर कुठली ते आठवत नाही." नववीला माझी शाळा सुटली, तरी वेलांटी मी अजून घाईत देत नाही.

इथपर्यंत लिहून मी गाडीतून उतरलो, पाणी प्यायलो, परत बसलो. आता लिहितो.

मार्च २०२३. तुम्ही एक गाडी खत मागवलं होतं. रचनावहिनींचे दिवस भरत आले होते, तुम्ही दुपारच्या एसटीनं निघणार होतात. जाताना मला बजावलंत की ढीग वरच्या कोपऱ्यात टाक, फणसाजवळ टाकू नको, कोंबडीखत गरम असतं, झाड भाजतं. कोपऱ्यापर्यंत टेम्पो जात नाही, डोक्यावरून पाट्यांनी वाहावं लागेल, म्हणून भाड्यावर चारशे रुपये वेगळे दिलेत. मी हो म्हणालो.

मावशी, मी पाट्या वाहिल्या नाहीत. मला टिटवाळ्याची दुसरी फेरी मिळाली होती. टेम्पो जिथे वळतो तिथेच, फणसाच्या बुंध्याला लागून, सगळी गाडी खाली केली आणि गेलो. उद्या येऊन हलवू म्हटलं. उद्याचे दोन महिने झाले. तुम्ही येणार असं आईकडून कळलं, तेव्हा मे महिन्यात एका दुपारी जाऊन मी सगळा ढीग कोपऱ्यात नेला. एकशे बारा पाट्या झाल्या. बुंध्याची साल खाली काळी आणि ओली पडली होती, बोट लावलं तर आत जात होतं. मी त्यावर माती लिंपली. तुम्ही आलात, ढीग कोपऱ्यात बघितलात आणि मला शाबासकी दिलीत.

पावसात पानं पिवळी पडली. दिवाळीला झाड वाळलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं सांगतो. काकू म्हणाल्या, कांतानं खताचा ढीग झाडाला लावून ठेवला होता, दोन महिने मी रोज बघत होते. तुम्ही म्हणालात, ढीग कोपऱ्यात होता, ही खोटं बोलते. त्या दिवसांत प्लॉटवाले जमिनी मोजत फिरत होते, झाड गेलं तर बांधावरून रस्ता निघणार होता. म्हणून लोकांना दोघींच्याही बोलण्यात जमिनीच्या पैशाचा वास आला. पोलीस पाटलांच्या ओट्यावर सगळे जमले. वाडीच्या दोन बाजू पडल्या आणि तुम्ही दोघींनी चाळीस वर्षांत जे शब्द तोंडात आणले नव्हते ते दुसऱ्यांनी तुमच्या वतीनं काढले. मग तुम्ही म्हणालात, "राकेशला विचारा. माझ्या अंगणवाडीतला मुलगा आहे, तो खोटं बोलणार नाही."

मी म्हणालो, "कोपऱ्यातच टाकलं होतं."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, पदर खांद्यावर घेतला आणि उठून गेल्या. त्यानंतर त्या कुणाशी त्या झाडाबद्दल बोलल्या नाहीत. दोन महिन्यांनी तुम्ही घराला कुलूप लावून इकडे आलात. खरं तुम्ही दोघीही बोलत होतात, मावशी. खोटा त्या ओट्यावर मी एकटा होतो.

गेल्या रविवारी मी काकूंकडे गेलो. सकाळची वेळ, त्या तांदूळ पाखडत होत्या. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. त्यांनी सूप थांबवलं नाही. म्हणाल्या, "मना ठाव हाय. तू पाट्या वाहिल्यास त्या मी खिडकीतना बघितल्या."

मी विचारलं, मग त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही बोललात?

"कसाला बोलू? झाडाचा राग नव्हता मना, तुझा पन नव्हता. तू पोर, घाबरलास. पन तिनं चाळीस वर्सांच्या तुळसाला सोडून तुझा ऐकला. त्याचा राग हाय. तो तू सांगून जात नाय."

त्यांनी चहा दिला, पण नवरदेव म्हणाल्या नाहीत. निघताना बघितलं तर मोरीमागे खताच्या रिकाम्या गोणीत एक रोप होतं, कमरेएवढं, जाड गडद पानांचं. शेवटच्या वर्षाच्या आठळ्या भाजायच्या राहिल्या होत्या, त्यातलीच एक असावी. गाडी चालू केली तेव्हा काकू टेम्पोच्या खिडकीपाशी आल्या.

"कितव्या माळ्यावर ऱ्हाते ती?"

बाराव्या, म्हटलं.

"तितना आपली बाजू दिसते?"

मला सांगता आलं नाही. दिसत असेल तर कळवा, मी जाऊन सांगेन.

माझं ठरलं आहे. येत्या रविवारी, १६ तारखेला सकाळी दहा वाजता पोलीस पाटलांच्या ओट्यावर मी तेच सगळं परत सांगणार आहे, त्याच लोकांसमोर. दगडूबाबांना आणि पाटलांना सांगून ठेवलंय. लोक काय म्हणतील याची भीती वाटते, दोन रात्री झोप नाही. पण काकूंना खोटं पाडलं ते सगळ्यांसमोर, म्हणून खरंही तिथेच करायला हवं. तुम्ही नसलात तरी सांगेन. पण काकूंचा जो राग आहे तो माझ्या सांगण्यानं जात नाही, हे त्यांनीच सांगितलं. त्यासाठी तुम्ही लागता; येणार असाल तर मी टेम्पो घेऊन न्यायला येतो. मला तुमच्याकडून माफी नको आहे. तुम्ही माझ्याशी नाही बोललात तरी चालेल, सगळी वाट मी तोंड उघडणार नाही.

माळी आला. पिशव्या उतरवून घेतो आणि हे पाकीट वॉचमनकडे तुमच्या नावानं, मजला आणि घर नंबर नीट लिहून देतो. मोबाईल नंबर मागे आहे. शब्द कुठे चुकला असेल तर तुमच्यासमोर दुरुस्त करीन.

हिशोब खाली लिहिला आहे, तपासून घ्यावा.

पाट्यांचे आगाऊ घेतलेले : ४०० रु. (पाकिटात आहेत, शंभराच्या चार)
त्या दिवशी टिटवाळ्याच्या फेरीचे मिळालेले : ६०० रु. (गोणीतल्या रोपाला कुंपण करायला जाळी घेतली, ५४० रु.; उरलेले ६० पाकिटात)
तुळसाकाकूंचे देणे : रविवारी दहा वाजता
कोलशेत ते वाडी, जाऊन-येऊन : भाडे नाही
नुसतं जायचं असेल तरी : भाडे नाही

तुमच्या अंगणवाडीतला,
राकेश