करडा तळहात

सोमवार, ३ तारीख
नव्या प्रयोगशाळेतला पहिला दिवस. खिडक्या मोठ्या, माणसं मोजकी, चहा बरा. आणखी काय हवं? घर दहा मिनिटांवर आहे, म्हणजे दुपारी येऊन बाबांना कूस बदलून देता येईल. काम सोपं आहे. काचेच्या पट्टीवर चांदीच्या अतिसूक्ष्म कणांचा थर द्यायचा, ती प्रथिनाच्या पाण्यात बुडवायची, धुवायची आणि किती प्रथिन चिकटून राहिलं ते मोजायचं. पुढे शरीरात घालायच्या नळ्यांवर असाच थर देणार आहेत. प्रथिन चिकटलं की जंतूंना बैठक मिळते, म्हणून ते चिकटायला नको. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, सहा महिन्यांत दमून जाल. मी म्हटलं, दमूनच आलेय. हसल्या.

गुरुवार, १३
मॅडमनी कण आणखी बारीक केले आणि सगळं उलटंच झालं. प्रथिन चिकटतं ते सुटतच नाही. साबण, आम्ल, उकळतं पाणी, सगळं झालं. खरवडलं तर काचेचा टवका उडाला, प्रथिन तसंच. त्यात माझा हातमोजा फाटला आणि द्रावण उजव्या तळव्यावर सांडलं. करडा डाग पडलाय. घरी येऊन बाबांना उठवलं, पुसलं, भरवलं. कंबरेचा काटा ढिला झाला.

सोमवार, १७
डाग जात नाही. सकाळी दुधाची साय तळव्याला लागली, ती अजून तिथेच आहे. डॉक्टरांनी मलम दिलं, म्हणाले, आठवड्यात कातडी गळून पडेल. मॅडमनी हात खूप वेळ पाहिला आणि विचारलं, मोजून बघायचं का? राग यायला हवा होता. तेवढंही त्राण नव्हतं.

बुधवार, १९
विंचरताना केसांची बट तळव्याला चिकटली. कापावी लागली. केस, नखं, कातडी. माणूस म्हणजे तरी दुसरं काय, प्रथिनच. घरातही रबरी मोजा घालते. ताईला फोन केला, बाबांना चार दिवस ने म्हटलं. ती महिनाअखेरपर्यंत अडकलीय. अडकलीय म्हणे.

शुक्रवार, २१
दुपारी मोजा काढून टेकले, डोळा लागला. उठले तर तळवा गालाला— ओढला. गालाचं जे निघालं ते हातावर आहे. उरलेला गाल करडा. मॅडम फोन उचलत नाहीत.

शनिवार, २२. सकाळ
डाव्या हाताने लिहितेय. बाबा पलंगावरून घसरले. मोजा चढवायला वेळ कुठे— दंडाला धरून वर बसवलं. आता हात सुटत नाही. ते म्हणाले, "सोड ना गं. किती घट्ट धरतेस." ताईला बाबा पडले एवढंच कळवलं. निघालीय.

दुपार
डाग बाबांच्या खांद्यापर्यंत. घाबरू नका म्हटलं. म्हणाले, "मी कुठे घाबरलोय? बस जरा. किती दिवसांनी बसलीस." बसले. खरंच, किती दिवसांनी.

चार वाजता
माझ्या गालावरचा डाग ओठांपर्यंत आलाय. त्यांचं डोकं माझ्या मानेवर. झोपलेत. उचलता येत नाही—

दार उघडलं. ताई. धावत येईल, आधी मिठी मारेल— ओरडायचंय— ओठ सुटत नाहीत. हे पान उंच धरते—

ताई, हात लावू