शेवटचे तेरा भाग

रविवार, २ नोव्हेंबर २०२५

खोका आज फुटलाच. लेकीने, झिल्पाने, इस्रायलमधल्या अश्दोदहून कोणाच्या तरी हाती पाठवला होता, मी कपाटावर मागे सारून ठेवला होता. मुलाने, तालने, स्टूल लावून काढला. निळ्याच्या कार्टूनचा चौथा सीझन, म्हणजे शेवटचा. तीन डीव्हीडी, तेरा भाग. त्या उडणाऱ्या माणसाचं खरं नाव मला उच्चारता येत नाही. निळे कपडे घालतो म्हणून मी निळ्या म्हणतो.

मी म्हटलं, पुढच्या महिन्यात बघू.

"आज रविवार. पाच वाजता." – ताल.

पाचला लागला.

रात्री कॅलेंडर घेऊन बसलो आणि दिवस मोजले. रोज एक भाग, शनिवारी शब्बाथ म्हणून बंद. तेरावा भाग सोळा तारखेला येतो. सतराला सकाळी मी ॲडमिट. अठराला बायपास.

तालला अजून काही सांगितलेलं नाही.

सोमवार, ३ नोव्हेंबर

झिल्पाचा फोन. "पप्पा, त्याला सांगितलंत?"

"सांगतो."

"कधी? स्ट्रेचरवरून?"

ही मुलगी आईवर गेलीय. तिला तिकडे बसून बोलायला काय जातं. ताल अडतीस वर्षांचा आहे. लोक म्हणतात लहान मुलासारखा आहे. मला तसं वाटत नाही. लहान मुलं ऐकतात तरी. ह्याला सगळं ठरलेलं लागतं. चहा सहाला, जेवण एकला, निळ्या पाचला. सहा वर्षांपूर्वी ही, ह्याची आई, दवाखान्यात गेली ती आलीच नाही. सहा दिवस ताल दाराशी बसून होता. घास तोंडात घेतला नाही. पाणी तेवढं प्यायला. शेवटी त्यालाच सलाईन लावली. डॉक्टर म्हणाले, धक्का.

आता निळ्याही जाणार आणि दुसऱ्याच दिवशी मी. मी वाचेन न वाचेन. पण हा?

बुधवार, ५ नोव्हेंबर

भाग चौथा. निळ्याच्या हाताला लागलं. ताल शांत होता. मीच उठून पाणी प्यायलो.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

एक गोष्ट लिहायला लाज वाटते, तरी लिहितो. सकाळी आमच्या प्रेषिताला, एलियाहू हन्नाबीला, नवस बोललो – निळ्या मरू नये, मलिदा करीन. बोलून झाल्यावर लक्षात आलं, स्वतःच्या छातीसाठी काही मागितलंच नाही. आणि चित्रं तर कधीच काढून झाली आहेत. डीव्हीडी बंद होऊन घरात आलीय. आता हन्नाबी तरी त्यात काय बदलणार?

सातवी शिकलेल्या सुताराची अक्कल. दुसरं काय.

रविवार, ९ नोव्हेंबर

राहवेना. झिल्पाच्या मुलाला, मोरानला, फोन लावला. त्याने ही मालिका बघितलीय.

"शेवटी निळ्या मरतो का रे?"

"आजोबा, आधीच सांगितलं तर बघायला मजा काय?"

"मला मजा नकोय. सांग."

"तो वर जातो. खूप वर. शहर वाचतं. तो परत येत नाही."

"म्हणजे मेला?"

"ते दाखवत नाहीत."

न दाखवणं तर आणखी वाईट. मेला असता तर रडून मोकळा झाला असता. परत येत नाही म्हटल्यावर हा दाराशी बसणार.

छातीत दुखलं. गोळी जिभेखाली ठेवली. ताल बघत राहिला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नववा भाग झाला. दुसरी डीव्हीडी संपली. ताल आंघोळीला गेला तेव्हा तिसरी काढून माझ्या सिसिथच्या, म्हणजे प्रार्थनेच्या शालीच्या, पिशवीत ठेवली. प्रार्थनेच्या वस्तूला तो हात लावत नाही, हिने लहानपणापासून तसं शिकवलंय. खोक्याला झाकण लावून परत जागेवर.

देवाच्या पिशवीत कार्टून. माफी मागितली.

बुधवार, १२ नोव्हेंबर

पाचला त्याने खोका उघडला. मला म्हणाला, "तिसरी नाही."

मी म्हटलं, आली नसेल रे. कंपनीची चूक असेल.

"रविवारी होती."

टीव्हीपाशी जाऊन उभा राहिला. बसेना. सहा वाजले. सात. वरच्या मजल्यावरच्या दमयंतीबाई भाजी द्यायला आल्या. "काय हो एझराकाका, शिक्षा केलीत की काय त्याला?"

"नाही हो. हरवलंय काहीतरी."

"ताल, काय हरवलं रे?"

"नाही हरवलं. पप्पांनी ठेवलंय."

बाई माझ्याकडे बघायला लागल्या. म्हटलं, तुमची भाजी छान दिसतेय. त्या हसल्यासुद्धा नाहीत.

साडेआठपर्यंत उभा होता. मी पिशवी आणली, त्याच्यासमोर डीव्हीडी बाहेर काढली. त्याने पिशवीकडे बघितलं, मग माझ्याकडे. रागावला नाही. मी मान खाली घातली. दहावा भाग रात्री पावणेनऊला बघितला. ठरलेली वेळ चुकल्यामुळे मध्येच दोनदा उठला.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

बारा भाग झाले. राहिला एक. शब्बाथचा दिवा मीच लावला.

हॉस्पिटलातून फोन – रिपोर्ट, आधार कार्ड, सोबत एक माणूस. झिल्पा सोमवारी पहाटे पोचतेय. ती म्हणते, "मी आहे ना त्याच्याजवळ." ताल तिच्या हातचं जेवेल का? सहा वर्षांपूर्वीही ती आली होती. त्याने तिच्याही हातचं घेतलं नव्हतं.

ठरवलंय, उरणला जुन्या गिऱ्हाइकाकडे दरवाजाचं काम निघालंय म्हणून सांगायचं. आठ दिवस. आठ दिवसांत एक तर मी येईन, नाही तर झिल्पा बघून घेईल.

रविवार, १६ नोव्हेंबर

पाच वाजता लागला. मी त्याच्या शेजारी बसलो, गोळी खिशात. निळ्या मोठी आग छातीशी धरून वर गेला. खाली माणसं उभी. एक म्हातारी हात वर करून हलवते. मग नुसतं आभाळ. मग नावं.

मी तालकडे बघत होतो. त्याने सगळी नावं संपेपर्यंत बघितलं. डीव्हीडी काढली, पुसली, खोक्यात ठेवली. टीव्ही बंद.

"ताल, तो येणार नाही आता."

"माहितीय. संपलं."

"वाईट वाटलं?"

"हो." मग – "आठ वाजता काय आहे जेवायला?"

मीच रडायला लागलो. पंधरा दिवस ज्याची धास्ती घेतली ते हे? उरणचं सगळं जिभेवर तयार होतं, ते बोलवेना. सांगून टाकलं. उद्या हॉस्पिटल. छाती उघडतात. बहुतेक लोक परत येतात. काही येत नाहीत. मी कुठल्यात असेन माहीत नाही.

त्याने ऐकलं. गेला आणि ताटं घेतली. दोघांनी डाळभात खाल्ला. तो नेहमीएवढाच जेवला, मला दोन घासही गेले नाहीत.

सोमवार, १७ नोव्हेंबर

झिल्पा पहाटे आली. रिक्षा खाली उभी आहे, दोन ओळी लिहितो.

चपला घालताना ताल जवळ येऊन उभा राहिला. म्हणाला, "आईच्या वेळी तुम्ही सांगून गेलात, आई आली की जेवू. मी थांबलो होतो."

हे मी बोललो होतो. दारातून जाता जाता. विसरूनही गेलो होतो.

"आज काय सांगता?"

म्हटलं, माझ्यासाठी थांबायचं नाही. मी आलो, नाही आलो, एक वाजता जेवायचं.

"रोज?"

"रोज."

"बरं," म्हणाला, आणि माझी पिशवी उचलून खाली गेला.