पूनम मागे बसेल असा टायर

सोलापूर,
बुधवार

ती. गुंडादादांना,

अजिनाथचा वाकून नमस्कार. आपला गुडघा, वर्कशॉपमधली ड्यूटी आणि शेजाऱ्यांशी चाललेलं नळाचं भांडण, तिन्ही ठीकठाक असावीत. वहिनींनाही नमस्कार. पूनमला काय सांगावं ते मला सुचत नाही, म्हणून तिला काहीच सांगू नये. पण पत्र तिच्या नजरेला पडेल अशा जागी ठेवायला हरकत नाही.

फोन सोडून हे पत्र का लिहितोय, असं आपल्याला वाटेल. दादा, फोनवर माझा भरवसा उरलेला नाही. मागच्या आठवड्यात कारखान्यातल्या राजशेखरशी फोनवर 'टायर' एवढा एकच शब्द बोललो, तर संध्याकाळपर्यंत माझ्या फोनवर चौदा प्रकारचे टायर गरगरा फिरायला लागले. त्यातला एक ट्रॅक्टरचा होता. म्हणजे कुणीतरी ऐकतंय, आणि त्याला धड ऐकूही येत नाही. हे पाकीट मी दोनदा डिंकाने चिकटवणार आहे. उघडताना त्रास झाला नाही, तर आधी कुणीतरी उघडलं असं समजावं.

आता मुद्दा. मंद्रूपच्या बाजारातून येताना पाण्याच्या टँकरने रस्ता ओला केला होता, तिथे आमच्या मोटारसायकलचा मागचा टायर घसरला, हे आपल्याला ठाऊक आहे. गाडी आडवी झाली, पूनमचं कोपर सोललं, वांगी रस्ताभर झाली. टायर पोळपाटासारखा गुळगुळीत झाला होता हे मला मान्य आहे. पूनम वर्षभर सांगत होती, "टायर बदला, न्हाईतर एक दिवस मला रस्त्यावर सोडून घरला जाल अन् कळायचंबी न्हाई." पण मला वेगळीच शंका होती. टायर बदला असं आजवर मला जो जो म्हणाला, तो टायर विकणारा तरी होता, नाहीतर त्याचा मेहुणा तरी. मग हिला हे कुणी शिकवलं? (आपल्यावर संशय घेतला नव्हता. फार नाही.) ती आठ दिवसांसाठी म्हणून माहेरी, आपल्याकडे कुर्डुवाडीला आली, आज एकविसावा दिवस आहे. जाताना एवढंच म्हणाली, की तुमच्या मागं बसायचं आता माझ्याच्यानं होनार न्हाई. म्हणून मी टायर घ्यायला निघालो.

पहिला दुकानदार म्हणाला, हा टायर जन्मभर जातो. कुणाच्या जन्मभर, असं मी विचारलं. त्याला ते आवडलं नाही. दुसरा म्हणाला, हा घ्या, घोरपडीसारखा रस्त्याला चिकटतो. मग लवकर झिजत असेल, असं मी म्हटल्यावर त्याने चहा मागवला आणि हवेचा विषय काढला. दोन दिवस हिंडल्यावर कळलं ते असं: टिकणारा रबर कडक असतो म्हणून घसरतो, आणि पकडणारा मऊ असतो म्हणून झिजतो. दोन्ही गुण पुरेपूर असलेला टायर कुणाकडेच नाही. पण असं तोंडाने कबूल करणारा मला एकही भेटेना.

शेवटी नाक्यापलीकडच्या मौलालीकडे गेलो. पत्र्याचं छोटं दुकान, बाहेर पाण्याचं टाकं. त्याने कुठल्याच टायरचं कौतुक केलं नाही, त्यामुळे माझा सगळ्यात जास्त संशय त्याच्यावर बसला. रोज कुठं जाता, किती जाता, ऊन लागतं की सावली, असं विचारत बसला. मग म्हणाला, "मागं कोन बसतंय?" सध्या कुणी नाही, असं मी सांगितलं. त्याने जुन्या टायरवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "काका, ह्यो गेल्या सालीच बदलाया पायजे हुता की." अगदी पूनमचंच वाक्य! दोघांची ओळख आहे का, हे आपण तिच्याकडून हळूच काढून घ्यावं.

त्याने मधला माल काढला, ना फार कडक ना फार मऊ, खोल खाचांचा. टायरच्या अंगावर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. ते मी भिंगातून तीनदा वाचले. दादा, तेवीस वर्षं मी टॉवेलच्या कारखान्यात तपासनीस आहे. हजार टॉवेलांत एकाचा धागा सुटलेला असतो आणि तो पकडायचा मला पगार मिळतो. त्यामुळे नवा कोरा म्हणून दिलेल्या या टायरवर सगळीकडे रबराचे केस उभे दिसले, तेव्हा माझी खात्री पटली की माल दुय्यम आहे. मी खिशातली कात्री काढली (ती नेहमी असते) आणि बाकड्यावर बसून एकेक केस कापायला लागलो. मौलाली म्हणाला, "काका, ते साच्यातनं येतंय. नव्या टायरची वळख हाय ती. तुमी तर लेकराचं जावळच काढलं." तोवर अर्धा टायर झाला होता. मला अर्धवट काम टाकता येत नाही, म्हणून उरलेलाही कापला.

टायर बसवल्यावर पुन्हा भांडण. टायरवर एक बाण असतो, चाक कुठल्या दिशेने फिरणार ते दाखवणारा. मी खाली वाकून पाहिलं तर बाण मागे! उलटा बसवला म्हणून मी असा आवाज चढवला की समोरच्या पानवाल्याने पान अर्धं सोडलं. मौलालीने हाताने चाक अर्धं फिरवलं, बाण वर आला आणि पुढे दाखवू लागला. "टायर गोल हाय की वो," एवढंच म्हणाला. मला अजूनही ते नीट पटलेलं नाही. पण चार माणसं जमली होती, म्हणून मान हलवली. तरी जाता जाता म्हटलं, घसरणार नाही याची ग्यारंटी देतोस का? तो म्हणाला, "टायरची देतो. चालवनाऱ्याची न्हाई."

नव्या रबरावर चकाकी असते, दोनशे किलोमीटर सावकाश जा, असं त्याने बजावलं. तेवढ्यात माझा संशय थंड होईल असा त्याचा डाव असावा. मी ते दोनशे पुरे केले आणि मग परीक्षा घेतली. आपल्याच गल्लीत बादल्यांनी पाणी ओतायचं, पलीकडून यायचं आणि ब्रेक दाबायचा. समोरच्या शिवबाई दारात येऊन म्हणाल्या, "बायको गेल्यापास्नं ह्येंचं डोकं ठिकानावर न्हाई वाटतं." गाडी घसरली नाही. सात वेळा नाही. हेही मला संशयास्पदच वाटतं.

मग मागे वजन हवं म्हणून सीटवर ज्वारीचं पोतं बांधलं, अंदाजे पूनमच्या वजनाचं (हा अंदाज तिला सांगू नये). विजापूर रस्त्याने मंद्रूपपर्यंत जाऊन आलो. तरीही घसरली नाही. पण दादा, पोतं काही बोलत नाही. 'हळू, हळू' म्हणत नाही, वळणावर पाठीत बोट खुपसत नाही, बाजारात कुणी काय नेसलं होतं ते सांगत नाही. टायर उत्तम निघाला तरी मला घरी करमत नाही, हे खरं आहे.

असो. टायरची हकीकत संपली. आपल्या वर्कशॉपमध्ये रबराची जाण असलेला कुणी शहाणा माणूस असेल, तर मधला माल बरा की कसं, एवढं त्याला विचारून कळवावं. बाकी काही मागणं नाही. मोठ्यांच्या पाया पडतो, लहानांना खाऊ पाठवत नाही, वाटेत कोण खातो कुणास ठाऊक.

आपला,
अजिनाथ

ता. क. : वर्कशॉपमधल्या कुणाला विचारू नये. त्यालाही मेहुणा असणारच. त्यापेक्षा रविवारी मी गाडी घेऊन कुर्डुवाडीला येतो, आपण मागे बसून एक फेरी मारावी आणि सुखरूप उतरून पूनमला तसं सांगावं. माझ्या शब्दावर तिचा विश्वास नाही, आपल्या शब्दावर आहे. मौलालीला आधी विचारलं होतं, पण त्याला दुकान सोडता येत नाही म्हणे.

ता. क. २ : पाकीट चिकटवलं होतं, ते परत उघडून लिहितो आहे. वर टायरबद्दल एवढं लिहिलं, पण ती टायरमुळे गेलेली नाही. त्या दिवशी दोघंही पडलो, तेव्हा मी उठून आधी गाडी उचलली. हँडल वाकलं का ते पाहिलं, आरसा पाहिला. मग वळून बघितलं तर ती रस्त्यातच बसली होती, कोपर धरून, आणि माझ्याकडे बघत होती. तिने त्यावर आजवर एक शब्दही काढला नाही. घरी येईपर्यंत मीच वांग्यांबद्दल बोलत होतो. मला लाज वाटते, दादा. तिने ही गोष्ट आपल्याला सांगितली आहे का, तेवढंच कळवा. सांगितली असेल तर रविवारी मी येतो, आपण काय बोलायचं ते बोला, मी ऐकून घेईन. पण सांगितली नसेल, तर एकवीस दिवस माहेरी राहूनही ती मला भावापुढे झाकते आहे, म्हणजे तिच्या मनात मी अजून आहे असा मला दाट संशय आहे. आजवर माझे बहुतेक संशय खोटे निघाले. हा तरी खरा निघावा.