मुकादमाचा वाटा

३ जानेवारी

आज माझ्या जबड्याचा फोटो काढला! हनुवटी दांडीवर टेकवायची, दातांत प्लास्टिकची कांडी धरायची, आणि ते यंत्र आपल्याभोवती फेरी मारतं. मी आपली देवासारखी स्तब्ध. नात म्हणाली, "आजी, हसू नको, हलतेस." मग तर जास्तच हसू आलं. दोनदा काढावा लागला.

नात म्हणजे आमची चिमणी. दातांची डॉक्टर होतेय, शेवटचं वर्ष. तिचा अभ्यास असा – रोज मूठभर छोटे मासे खाल्ले तर म्हाताऱ्या बायकांच्या जबड्याचं हाड टिकतं का? बारा बायका, सहा महिने. सहा आमच्या इमारतीतल्या, सहा नदीपलीकडच्या. सरांनी तो मान्य केला तर ही डॉक्टर, नाहीतर वर्ष गेलं.

मासे खाल्ले की छापील कागदावर खूण करायची. ही वही मात्र माझी. चौथीपर्यंतची शाळा, अक्षर डुगडुगतं, पण इथे कोण बघतंय!

६ जानेवारी

इमारतीतल्या सहाजणींचे मासे मीच करते. तवा तापवायचाच, तर सहाजणींसाठी तापवू. मासा बोटभर, तरी मी एकेकाचं डोकं काढते, नखाने पाठ उकलते, काटा अलगद ओढते. दोन तास जातात. जाऊ देत. माझ्या हातच्या माशात काटा लागला असं बावन्न वर्षांत कुणी म्हटलं नाही. नवरा, मुलं, चिमणी – सगळे डोळे मिटून खायचे.

काटे मुकादमाला. मुकादम म्हणजे बोका. जिन्यात बसून सगळ्यांच्या कामावर नजर ठेवतो, स्वतः काडी हलवत नाही.

२ फेब्रुवारी

वादळ. मासे नाहीत. अंडं खाल्लं. खूण केली नाही. बाकी पाचजणींनाही बजावलं – कागद कोरा ठेवा.

१९ फेब्रुवारी

पोस्टातल्या बाई आज जाम खूश. खालच्या मजल्यावर राहतात. तीस वर्षं पोस्टाच्या खिडकीत बसल्या, अजून माणसाकडे खिडकीतून बघितल्यासारखंच वाकून बघतात. म्हणाल्या, "अहो, तुमचा मासा म्हणजे लोणी! माझ्या सुनेला शिकवा. ती करते तो मासा की टाचण्यांची डबी?"

इतकं बरं वाटलं! आणि लगेच धाकटा आठवला. माझा भाऊ. सहा वर्षांचा होता, मी नऊची. मीच भरवत होते. मोठा मासा होता, आणि मी बडबडत होते – जन्माची खोड! काटा घशात आडवा गेला. डॉक्टर येईपर्यंत... जाऊ दे. तेव्हापासून मासा मी आधी बोटांनी वाचते, मग वाढते.

मुकादम फुगलाय नुसता. काल जिन्यावरून उडी मारली तर मला वाटलं पोतं पडलं. वय चौदा, पण दात बघा मेल्याचे! एक हलत नाही.

४ एप्रिल

मासेवालीशी बोलता बोलता म्हटलं, काटे काढून काढून नखं गेली गं माझी. ती सुरी खाली ठेवून बघतच राहिली.

"ह्याचे काटे काढता? ह्याचे? अहो आजी, काट्यासाठीच तर हा खायचा! हाडाला हाड लागतं. काटा काढला तर राहिलं काय? वास!"

म्हणजे तीन महिने... सहाजणींचं सगळं कॅल्शियम त्या बोक्याच्या पोटात!

पोस्टातल्या बाईंना सांगितलं. दार लावून घेतलं त्यांनी. "आजपासून काट्यासकट द्या आणि तोंडाला कुलूप. पोरीला कशाला सांगायचं? तिचं वर्ष जाईल."

५ एप्रिल

बाकी पाचजणींचे नेहमीसारखेच काटे काढले. माझा मासा तसाच कुरकुरीत भाजला, डोक्यासकट. तोंडाजवळ नेला. पुढे हात जाईना.

मुकादमाला दिला.

७ एप्रिल

चिमणी आली. तिला चपलासुद्धा काढू दिल्या नाहीत. उंबऱ्यातच सांगून टाकलं – काटे मुकादमाने खाल्ले. पहिल्या दिवसापासून. सहाही जणींचे.

ती स्वयंपाकघरात भिंतीला टेकून खाली बसली.

"आजी, मी सांगितलं नव्हतं का, काट्यासकट म्हणून?"

"नाही गं."

"नव्हतंच सांगितलं." कपाळाला हात लावला तिने. "बोटभर माशाचे काटे कुणी काढेल, हे डोक्यातच आलं नाही माझ्या. आणि नदीपलीकडच्या?"

"त्या कशाला काढतील! त्यांना थोडंच माझ्यासारखं वेड लागलंय?"

माझे कागद चाळले, सगळ्या तारखा लिहून घेतल्या आणि गेली. माझ्या घरातून उपाशी गेली. असं कधी झालं नव्हतं.

११ एप्रिल

फोन नाही.

१५ एप्रिल

फोन आला! हसत होती!

सर आधी खूप चिडले म्हणे. मग म्हणाले, सहाजणी काट्यासकट आणि सहाजणी काट्याशिवाय – शहाणे, पहिल्यापासून असंच का नाही ठरवलंस? तुलना कशाशी करणार होतीस? आता बाराही जणींना खरं ते सांग. त्या हो म्हणाल्या तर जुलैपर्यंत चाललंय तसंच चालू दे. आणि चूक झाली ती चूक म्हणूनच लिही.

बाराही जणी हो म्हणाल्या. पोस्टातल्या बाई म्हणाल्या, "मला काय, मला लोणीच हवंय."

म्हणजे आता मला काटा खायची बंदी! इकडे आठ दिवस मनाची तयारी चालली होती माझी. घ्या!

३ जुलै

पुन्हा फोटो. या वेळी हसले नाही. एकदाच काढला.

९ जुलै

सरांनी सही केली! चिमणी डॉक्टर!! जिन्यात सगळ्यांना सांगितलं, मासेवालीला सांगितलं, मुकादमाला दोनदा.

नदीपलीकडच्यांचं हाड होतं तेवढंच आहे. आमचं केसभर कमी. पण बारा बायकांवरून काही ठरत नाही म्हणे, यंत्राचाही तेवढा फरक पडू शकतो. वादळाच्या दिवसाचे आमचे सहाही कागद कोरे बघून सर म्हणाले, "ह्या बायका कुठून आणल्यास? माझे विद्यार्थी असं खरं लिहीत नाहीत."

मी विचारलं, "आणि माझं?"

"केसभर कमीच, आजी. गेलेलं हाड मासा परत आणत नाही. आहे ते सांभाळू."

आता बंदी उठली म्हणाली. आणि माझ्याकडे बघत राहिली. धाकट्याचं तिला ठाऊक आहे.

१० जुलै

चिमणी समोर बसली होती. दोघी गप्प – मीसुद्धा! सावकाश चावलं. अगदी सावकाश.

मुकादम ताटाभोवती तीन फेऱ्या मारून गेला. आज त्याला काही मिळालं नाही.