अक्रोडाचा पाय

कॅम्प १, भिलाई
१० जानेवारी १९६०

प्रिय रुक्माबाईस,

धाकट्या जानरावचा सप्रेम जयभीम. आमी सारे खुशाल आहो. कमला बरी आहे. थंडी औंदा जबर पडली. भाऊजींचा खोकला कसा आहे?

हिराच्या लग्नाले तिचा मामा आला नाही म्हणून तू रागावली. सुट्टी भेटली नाही असं मी कळवलं होतं. बाई, ते खोटं होतं.

जुलैत अहिवाऱ्याच्या बाजारातून बैलगाडीनं येत होतो. चालत्या गाडीतून उडी मारली, चूक माहीच. पाय चाकाखाली गेला. डावा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. मांडवात कुबड्या घेऊन कसा उभा राहू? हिराच्या अंगाले हळद अन् तू रडत बसली असती.

शेजारी गनी मिस्त्री राहतात, काश्मीरचे सुतार. एक दिवस म्हणाले, "जानराव, टांग दिखाओ." मी लाजलो. त्यांनी खाली बसून माहा तुटका पाय आपल्या मांडीवर घेतला, दोरीनं माप घेतलं. आपल्या गावचा सुतार आबाले वखर दुरूनच फेकून द्यायचा, आठवते ना?

खाटेखालून त्यांनी अक्रोडाची फळी काढली. पोरीच्या लग्नाच्या पेटीसाठी आणलेली. "हल्की है, पर फटती नहीं. बंदूक का कुंदा इसी का बनता है." बंदुकीचा दस्ता म्हणे याचाच. महिनाभर रोज संध्याकाळी त्याचा पाय तासत राहिले अन् सांगत राहिले. त्यांच्या गावी ओढ्याकाठी तिघांच्या कवेत न मावणारी झाडं आहेत. फळाच्या हिरव्या सालीनं हात काळे होतात, ते किती दिवस निघत नाहीत. झाडाच्या सालीनं बाया दात घासतात.

"इथं एक लावू का?" मी इचारलं.

"यहाँ की लू में नहीं बचेगा, भाई. उसको बर्फ चाहिए."

पट्टे बांधून उठलो तवा दोनदा पडलो. तिसऱ्यांदा नळापर्यंत गेलो. कमला हंडा तिथंच टाकून रडली.

"अन् पोरीची पेटी?" मी मिस्त्रीले म्हटलं.

"संदूक सागवान की भी बन जाएगी."

आता कारखान्याच्या स्टोअरमध्ये बसून करायचं काम भेटलं आहे. पुढच्या ऐतवारी येऊन राहिलो. मिस्त्री संग आहेत. त्यांच्यासाठी तुह्या हातची ज्वारीची भाकर अन् वांग्याची भाजी कर. तुमसर स्टेशनवर कोणाले पाठवू नको.

तुह्या दारापर्यंत चालत येणारा,
तुहा भाऊ
जानराव